छिछोरे : पोरगा आयसीयूत आणि बाप हॉस्टेलच्या आठवणीत

कटिंगवाला :
काल टीव्हीवर परत छिछोरे लागला होता. २०१९ला थेटरात जाम रडलो होतो, काल मात्र खटकला. जेईईचा निकाल लागतो, पोरगा जीव द्यायला बघतो, आयसीयूत पडलाय आणि पुढे पिक्चरभर आपण बघतो कोणाला तर बापाला न त्याच्या मित्रांना! एच-फोर हॉस्टेल, जीसी म्हणजे हॉस्टेलांमधली खेळांची स्पर्धा, मेसचं जेवण. त्या पोराला, राघवला, झोप लागायची का, तो कोणाशी बोलायचा का, काही नाही. आत्महत्या नुसती निमित्ताला, माल सगळा नॉस्टॅल्जियाचा.

मावळतीची_उन्हं :
अहो पण गोष्ट बापाचीच आहे ना! पास झालास तर काय करायचं ते ठरवलं होतं, नापास झालास तर काय हे बोललोच नाही, असं कबूल करणारे बाप हिंदी पिक्चरमध्ये किती? माझा भाचा तेव्हा लातूरला क्लासला होता. ताई-दाजींनी त्याला नेऊन दाखवला, येताना दाजी गाडीत गप्प, टोलनाक्यावर सुट्टे मोजता मोजता एकदम म्हणाले, "मीपण बारावीला गणितात उडालोय." भाच्याला सतरा वर्षांत पहिल्यांदा कळलं हे. आणि १९८१चा एक दूजे के लिये आठवा, दोघं मरतात आणि लोक म्हणे काय ते प्रेम. त्यापेक्षा हा वाचलेला तरी दाखवतो.

कटिंगवाला :
दाजींना सलाम, पण ते शुद्धीवरच्या पोराशी बोलले, वेळेत. आणि राघवची आई माया कुठाय? तीपण तिथेच बसलीये की. घटस्फोट घाईत उरकलाय, सगळा पश्चात्ताप एकट्या बापाला, अन्नीला.

पाटलीणबाई :
मायाचं पटलं. पण कोणाचं चुकलं ही शोधाशोध नको वाटते, तुमचीही आणि पिक्चरचीही. मैत्रिणीच्या घरी हे झालंय. तेराव्याला आलेली माणसं चहा पिता पिता विचारत होती, मार्क किती होते हो? एवढं एकच कारण असतं का कुठे? पिक्चरला ते सोपं पडतं, निकाल आणि लगेच पुढचा सीन.

मावळतीची_उन्हं :
अडीच तासांत अजून किती दाखवणार पण?

पाटलीणबाई :
दवाखान्यातून थेट कॉलेजचा पहिला दिवस, सगळे हसतायत. मधले दिवस कुठे गेले? गोळ्या, समुपदेशन, आईचं रात्री तीनदा उठून पोराच्या खोलीत डोकावणं. त्या दिवसांचा पिक्चर काढा, पहिल्या दिवशी पहिला शो बघते.