वेकबोर्डसाठी दोर किती फुटांचा घ्यावा? मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी भुसावळचा. भाचीला वेकबोर्ड (बोटीमागे दोर धरून फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायचा खेळ) शिकायचंय, पोहण्यात ती पक्की आहे. हतनूर धरणाचं पाणी जवळ आहे, पण हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात, म्हणून तिकडे इंजिनाची बोट न्यायचीच नाही असं ठरवलंय. तापीवरच दुसरी जागा बघतोय, परवानगीचंही चाललंय.

अडलंय ते दोरावर. साधारण 65 ते 75 फूट चालतो आणि नवशिक्याला त्याहून आखूड बरा, एवढं कळलं. पण आमची बोट लहान, मागे आउटबोर्ड इंजिन, दोर वर बांधायचा उंच टॉवर नाही. ताशी 25-28 किलोमीटरला तिची लाट बोटीजवळच उंच आणि अरुंद दिसते. मागे जाईल तशी पसरून बसते. 65 फुटांवर पोरीच्या वाट्याला नुसता फेस येईल. मग 45-50 फुटांवर सुरुवात करू का? आखूड दोरात पोरगी बोटीच्या, म्हणजे पंख्याच्याही, जवळ येते, त्याची धास्ती वाटते. टॉवर नसताना दोर खाली मागच्या कड्याला बांधावा लागेल, त्याने लांबीचा हिशोब बदलतो का?

पाच-पाच फुटांचे तुकडे काढता येणारा दोर घ्यावा असं मला वाटतं. दुकानदार साधा नायलॉनचा देतोय, पण तो ताणतो आणि हँडल सुटलं की उलटा बोटीकडे झेपावतो, म्हणून नको म्हटलं. न ताणणारा डायनिमाचा दोर जळगाव-धुळ्याकडे कुठे मिळेल? लहान बोटीमागे कुणी शिकवलं असेल तर किती फुटांपासून सुरुवात केली, तेवढं नक्की सांगा.