बेलोऱ्याचं विमान अन् मोठीपासून सुटलेल्या लहान विमान कंपन्या

मोर्शीकर:
अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला अलायन्स एअरचं मुंबई विमान सुरू झालं. ही कंपनी आधी एअर इंडियाची होती, मग वेगळी झाली. लहान कंपनी मोठीपासून सुटली की नेमकं काय बदलतं, अन् ती टिकते का? आणि बेलोरा-मुंबई-दुबई असं जायचं तर तिकिटात काय पाहायचं? जाणकारांनी सांगा जी.

सरकी_धामणगाव:
जॉबवर्कची जिनिंग डोळ्यापुढं आणा. कापूस व्यापाऱ्याचा, जिनवाल्याची क्विंटलमागं ठरलेली मजुरी. गाठीचा भाव पडो की चढो, मजुरी तेवढीच. अमेरिकेत बहुतेक लहान कंपन्या अशाच चालतात. विमान उडवणं त्यांचं. तिकीटविक्री, भाडं, वेळापत्रक मोठीचं. पैसे उड्डाणाच्या तासांवर अन् फेऱ्यांवर मिळतात, इंधनाचा खर्चही बहुधा मोठीच उचलते. सुटलं की कापूसही आपला अन् भावाची जोखीमही आपली.

अटलांटिक कोस्ट एअरलाइन्सचं उदाहरण घ्या. ती युनायटेड या मोठ्या अमेरिकी कंपनीसाठी अशीच मजुरीवर उडायची. युनायटेड डिसेंबर 2002 मध्ये दिवाळखोरीत गेली अन् दर कमी करा म्हणू लागली. अटलांटिक कोस्टनं करार सोडून 16 जून 2004 ला वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावरून ‘इंडिपेंडन्स एअर’ काढली. हाती होती 50 आसनांची सीआरजे-200 जेट. पायलट दोन अन् इंजिनं दोन, मोठ्या जेटसारखीच. पण खर्च वाटायला तिकिटं 50 च. त्यावर भाडं स्वस्तातलं. मजुरीच्या कामात ही विमानं परवडतात, कारण रिकाम्या खुर्चीचा तोटा मोठीच्या माथी जातो. युनायटेडनं तिथंच भाडी उतरवली, वर इंधन महागलं. 5 जानेवारी 2006 ला कारभार संपला.

एक्सप्रेसजेट या दुसऱ्या लहान कंपनीचंही तेच. तिच्या मोठीनं, म्हणजे कॉन्टिनेन्टलनं, 69 विमानं करारातून काढली, त्यातली काही कंपनीनं 2007 पासून स्वतःच्या नावानं उडवली. 2008 मध्ये तेल भडकलं अन् सप्टेंबरात तो प्रयोग आटोपला.

उडान_अभ्यासक:
अलायन्सची गोष्ट थोडी निराळी आहे. ती स्वतःहून सुटली नाही. 27 जानेवारी 2022 ला एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडे राहिली, अन् 15 एप्रिल 2022 पासून तिकीटविक्री वेगळी झाली. तिचं एटीआर-72 पंख्याचं विमान आहे, जवळच्या अंतराला जेटपेक्षा बरंच कमी इंधन पितं. बेलोऱ्याची 1850 मीटर धावपट्टी त्याला पुरते.

खरी कसोटी अनुदान संपल्यावर. ‘उडान’ या केंद्राच्या विमान योजनेत निम्म्या सीटा ठरलेल्या भाड्यात द्यायच्या, म्हणजे 70 पैकी 35. बदल्यात 3 वर्षं तूट भरून मिळते. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात 774 मंजूर मार्गांपैकी 371 च सुरू झाले, 112 नी 3 वर्षं पुरी केली, अन् त्या 112 पैकी मार्च 2023 पर्यंत 54 च चालू होते. म्हणून बेलोऱ्याला आत्ताच नेमानं प्रवासी मिळायला पाहिजेत. चौथ्या वर्षी निवेदनं देऊन उपयोग नाही.

मोर्शीकर:
समजलं. अन् दुबईच्या तिकिटाचं?

तिकीटघर_परतवाडा:
आधी पीएनआर पाहा. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असली तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन असले तर दुबईवाली कंपनी तुम्हाला सरळ ‘नो शो’, म्हणजे आलाच नाहीत असं धरते, भाडं बहुधा बुडतं.

दुसरं, बेलोऱ्याला बॅग दिल्यावर टॅग वाचा. ‘डीएक्सबी’ असेल तर बॅग थेट दुबईला. ‘बीओएम’ असेल तर मुंबईला पट्ट्यावरून उचला अन् पुन्हा चेक-इन करा. तो काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. वजनात बरेच जण फसतात. देशांतर्गत तिकिटावर बहुधा 15 किलोच चालतं, तिकिटं वेगळी असली तर विदेशी तिकिटावर जास्त असलं तरी बेलोऱ्याला 15 च्या वरचे पैसे लागतात.

वेगळ्या तिकिटांवर मध्ये 5-6 तास ठेवा. हे विमान रोज नसेल तर रद्द झाल्यावर पुढची फेरी दोन दिवसांनी येऊ शकते. व्हिसाची तारीख अडत असेल तर आदल्या रात्रीची अमरावती-मुंबई एक्सप्रेसच धरा, सकाळी सीएसएमटीला उतरवते.