पेमेंट कंपनीने १८० दिवसांनंतरही पैसे अडवलेत, स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) जाता येईल का?

सॅनहोजेकर: आकाशकंदील आणि रांगोळीचे साचे ऑनलाइन विकतो. धंदा माझ्या स्वतःच्या नावावर, एलएलसी (वेगळी नोंदवलेली कंपनी) नाही. दिवाळीत विक्री एकदम वाढली आणि ग्राहकांचे पैसे माझ्यापर्यंत पोचवणाऱ्या पेमेंट कंपनीने खातं गोठवलं. ४,८६० डॉलर अडकलेत. करारातले १८० दिवस उलटले, तरी उत्तर तेच, ‘रिव्ह्यू चालू आहे’. करारात आर्बिट्रेशनचं कलम आहे, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचा. स्मॉल क्लेम्सला जाता येईल? वकील लागेल?

कलमकसाई: ते कलम शेवटपर्यंत वाचा. अशा बऱ्याच करारांत स्मॉल क्लेम्सचे दावे आर्बिट्रेशनमधून वगळलेले असतात. कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, एलएलसीला ६,२५० पर्यंत. तुमच्या रकमेला कोर्टाची फी ५० डॉलर. सुनावणीला वकील दोघांनाही चालत नाही, कंपनीला आपला कर्मचारीच पाठवावा लागतो.

दावा लावायचा अर्ज एससी-१००. दुकानाचं नाव वेगळं असेल तर सोबत त्या नावासाठीचा एससी-१०३. आधी पैसे मागितले होते का, हे अर्जातच विचारतात. म्हणून रक्कम आणि मुदत घालून आजच लेखी मागणी पाठवा. चॅटवरची वादावादी त्या कामाची नाही.

समन्सवाला: खरी माती होते ती नोटीस बजावताना. अ‍ॅपवरचं नाव हा ब्रँड. दावा लावायचा तो करारात छापलेल्या कंपनीवर. तेच नाव सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या बिझफाइल साइटवर शोधा, तिथे ‘एजंट फॉर सर्व्हिस ऑफ प्रोसेस’, म्हणजे कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद घेणारा, सापडेल. कागद त्याच्याकडे पोचायला हवेत. कस्टमर केअरला ईमेल म्हणजे बजावणी नव्हे.

तुम्ही स्वतः द्यायचे नाहीत. १८ वर्षांवरची, दाव्याशी संबंध नसलेली व्यक्ती हवी. कंपनी त्याच काउंटीतली असेल तर सुनावणीच्या १५ दिवस आधी, बाहेरची असेल तर २०. मग एससी-१०४ (कागद बजावल्याचा दाखला) भरून सुनावणीच्या निदान ५ दिवस आधी कोर्टात द्या. क्लार्ककडून सर्टिफाइड मेलही होतो, पण पावतीवर भलत्याचीच सही आली तर तारीख वाया.

हिशेबनीस: पैसे ‘अडवले’ यावर न्यायाधीश तुमच्या बाजूने निकाल देणार नाहीत. रक्कम ठेवून घ्यायचा हक्क करारानेच दिलेला असतो, कारण ग्राहक महिनोन्‌महिने चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत घेणं) करू शकतो. मुद्दा एवढाच, की तो हक्क कधी संपला. १८० दिवस खातं गोठवल्यापासून की शेवटच्या व्यवहारापासून, ते करारात बघा. त्या तारखेआधी गेलात तर दावा अकालीच ठरायचा.

लॉगिन चालू आहे तोवर व्यवहारांची यादी उतरवून घ्या. प्रत्येक ओळ अशी: १४ ऑक्टोबर, विक्री ३८ डॉलर, फी १.४०, माल पोचला १८ ऑक्टोबर, तक्रार नाही. परतावे आणि चार्जबॅक तुम्हीच वजा करा, समोरच्याने दाखवून दिले तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. तीन प्रती न्या. आणि हरलात तर दावेदाराला अपील नाही, कंपनीला मात्र ३० दिवस असतं.

सॅनहोजेकर: सुनावणीआधी पैसे देऊन ‘केस मागे घ्या’ म्हणाले तर?

समन्सवाला: कोर्टाची आणि बजावणीची फी धरून मागा. बँकेत जमा झाल्याशिवाय सीआयव्ही-११०, म्हणजे दावा मागे घ्यायचा अर्ज, भरू नका. भरताना ‘विदाउट प्रेज्युडिस’वर खूण करा, म्हणजे ट्रान्सफर परत फिरली तर तोच दावा पुन्हा लावता येईल.