मदत हवी आहे: वीज गेल्यावर लिनक्समध्ये लॉगआउटची वेळ कशी ठरवावी?

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकांवर कोणी किती वेळ काम केले, याचा हिशेब मी ठेवतो. सध्या कोण आत आहे हे ‘यूटीएमपी’ फाइलमध्ये, लॉगिन-लॉगआउटचा इतिहास ‘डब्ल्यूटीएमपी’मध्ये आणि फसलेले प्रयत्न ‘बीटीएमपी’मध्ये नोंदले जातात, ‘लास्ट’ ही आज्ञा इतिहासातील नोंदींच्या जोड्या लावून कालावधी दाखवते.

अडचण अशी की वीज अचानक गेल्यास लॉगआउटची नोंदच होत नाही आणि ‘लास्ट’ त्या सत्रापुढे ‘क्रॅश’ असे लिहून पुढच्या बूटपर्यंतचा, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतचा, सगळा वेळ मोजते. शनिवारी वीज गेली आणि यंत्र सोमवारी सुरू झाले, तर अख्खा रविवार त्या विद्यार्थ्याच्या नावावर चढतो. हा हिशेब विद्यार्थ्यांवर अन्याय करणारा आहे, म्हणून तो दुरुस्त व्हावा असे मला मनापासून वाटते.

सिस्टमडी या लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या जर्नलमधून, म्हणजे नोंदवहीतून, प्रत्येक बूटची शेवटची नोंद मिळते. तीच सत्राची अखेर मानणे योग्य ठरेल का? जर्नल साधारणपणे 5 मिनिटांच्या अंतराने डिस्कवर पक्के होते, त्यामुळे तेवढी चूक मला मान्य आहे.

दुसरा प्रश्न डेबियन 13 या लिनक्स प्रणालीचा. सन 2038 नंतरच्या वेळा ‘डब्ल्यूटीएमपी’च्या जुन्या रचनेत मावत नसल्याने तेथे ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ हा एसक्यूलाइट या डेटाबेसवर आधारलेला पर्याय आला आहे. जुन्या नोंदी त्यात सुरक्षितपणे कोणी नेल्या असल्यास कृपया पद्धत सविस्तर सांगावी.