दोन स्पीकरवर एसएसीडी: वाया काय जातं?

दोन स्पीकरवर मल्टिचॅनल डिस्क (पाच-सहा स्पीकरसाठी वेगवेगळे चॅनेल नोंदवलेली) लावली की मागच्या चॅनेलमधलं सगळं वाया जातं, असं काही जण म्हणतात. एसएसीडीपुरतं (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा वरच्या दर्जाची डिस्क) तरी हे पटत नाही. बहुतेक मल्टिचॅनल एसएसीडीवर स्टिरिओचा भाग स्वतंत्र असतो, त्याचं मिक्सिंगही वेगळं. पाचाचे दोन करायची वेळच येत नाही. खरी गोची प्लेअरच्या सेटिंगमध्ये असते. एका मित्राकडे जुन्या प्लेअरच्या ५.१ (पाच चॅनेल आणि खोल आवाजाच्या सबवूफरचा एक) आउटपुटमधल्या फक्त पुढच्या डाव्या-उजव्या वायरी अ‍ॅम्पला जोडलेल्या, आणि डिस्प्लेवर 'मल्टी'. वाद्यं दणदणीत, गायिका मात्र जणू शेजारच्या खोलीत! तिचा आवाज मुख्यतः सेंटर चॅनेलमध्ये होता आणि त्या जॅकला वायरच नव्हती. मेनूत '२ चॅनेल' निवडून डिस्क पुन्हा लावली, तर बाई समोर हजर.

डीव्हीडी-ऑडिओ या डीव्हीडीवरच्या संगीताच्या फॉरमॅटचं प्रकरण निराळं. तिथे काही डिस्कवर स्टिरिओ ट्रॅक नसतोच. डिस्कवरच नोंदवलेल्या प्रमाणानुसार प्लेअर डाउनमिक्स करतो, म्हणजे सगळे चॅनेल दोनात मिसळतो, आणि त्यात सबवूफरचा चॅनेल बऱ्याचदा सरळ गाळला जातो. म्हणून विकत घेण्याआधी कव्हरची मागची बाजू वाचा. तिथे १९२ किलोहर्ट्झ (सॅम्पलिंगचा दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) लिहिलेलं असेल तर स्टिरिओ ट्रॅक वेगळा आहे हे नक्की, कारण या फॉरमॅटमध्ये ५.१ ला ९६ च्या वर जाताच येत नाही. नुसतं '५.१, ९६ किलोहर्ट्झ' असेल तर दुकानदाराला विचारून घ्या (उत्तर मिळालं तर नशीब).