शब्दचर्चा: 'हाऊसिंग स्टार्ट्स', निर्देशक आणि बंद घर

पेडण्याहून विचारणा

अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राची टिपणं मराठीत लिहितोय. अमेरिकेची आकडेवारी वाचताना 'हाऊसिंग स्टार्ट्स' हा शब्द सारखा येतो. मी 'घरबांधणीचा आरंभ' असं लिहिलं आहे. चालेल का? शिवाय एका पुस्तकात 'निर्देशक' तर दुसऱ्यात 'निर्देशांक' दिसतो. दोन्ही एकच का?

फोंड्याहून

सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. निर्देशांक हा आकडा असतो, पायाभूत वर्ष १०० धरून काढलेला, जसा ग्राहक किंमत निर्देशांक. निर्देशक म्हणजे अर्थव्यवस्थेची चाल दाखवणारी कुठलीही गोष्ट. बांधकाम परवान्यांची संख्या निर्देशक आहे, बेरोजगारीचा दरही. अनेक निर्देशक एकत्र करून निर्देशांक बनवता येतो. अमेरिकेतल्या कॉन्फरन्स बोर्ड या संशोधन संस्थेच्या अग्रगामी निर्देशांकात, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या आधी हलणाऱ्यात, नव्या खासगी घरांचे परवाने धरतात. बेरोजगार माणसं सरासरी किती आठवडे कामाविना आहेत, ते मात्र पश्चगामीत, म्हणजे मागाहून हलणाऱ्यात जातं. घराचा परवाना आधी निघतो, गवंड्याला काम नंतर मिळतं.

आता 'स्टार्ट्स'. तिथे पायासाठी खोदाई सुरू झाली की घर 'सुरू' झालं असं धरतात. ईशान्य, मध्यपश्चिम, दक्षिण आणि पश्चिम अशा चार प्रदेशांचे आकडे दर महिन्याला येतात. 'आरंभ' म्हटलं की भूमिपूजन, करार, जाहिरात, काहीही डोळ्यांसमोर येतं. मी 'पाया खणलेली घरं' असं लिहीन. लांब आहे, पण वाचणाऱ्याला नेमकं काय मोजलं ते कळतं. तुमच्या मुलांना हे समजायला वेळ लागणार नाही. सनद (जमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी), नगर नियोजन खात्याची मंजुरी, पंचायतीचा परवाना, मग पाया, शेवटी ऑक्युपन्सी (राहायला जाण्याचा दाखला), हा क्रम त्यांनी घरात ऐकलेला असतो. यातल्या प्रत्येक पायरीचा आकडा वेगळा, आणि बातमीत मात्र सगळ्यांना मिळून 'घरबांधणी वाढली' असं लिहितात. ही सवय मोडायलाच हवी.

म्हापशाहून

'घरबांधणी' हा शब्दच मला गोव्यापुरता अपुरा वाटतो. त्यात कुणीतरी राहायला येणार हे गृहीत आहे. २०११च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं. जनगणनेचं 'रिकामं' म्हणजे मोजणीच्या वेळी कुणी राहत नाही आणि दुसऱ्या कशासाठीही वापर नाही. आपण बोलताना दोन शब्द वापरतो. माणसं मुंबईला, आखातात किंवा पोर्तुगालला गेली, चवथीला येऊन दार उघडतात, ते 'बंद घर'. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला तो 'रिकामा फ्लॅट'. पहिलं स्थलांतराबद्दल सांगतं, दुसरं पैसा कुठून येतोय त्याबद्दल.

फोंड्याहून

बाई, हे पटलं, आणि रोजगाराच्या शब्दांतही हाच गोंधळ आहे. २०२३-२४च्या श्रमबल सर्वेक्षणात गोव्याचा बेरोजगारी दर ८.५ टक्के होता, देशाचा ३.२. लोक लगेच म्हणतात, एवढी बांधकामं चाललीत तरी बेकारी कशी? पण 'बेरोजगार' म्हणजे ज्याला काम नाही आणि जो ते शोधतोय किंवा करायला तयार आहे. काम शोधतही नाही आणि करायला तयारही नाही तो श्रमबलाच्या बाहेर, त्याला नुसतं 'घरी आहे' म्हणावं. आणि साप्ताहिक स्थितीच्या मोजणीत सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही 'रोजगारित' ठरतो. मग पदवी घेऊन सरकारी नोकरीची वाट पाहणारा आपला मुलगा आणि स्लॅब भरायला कर्नाटक, ओडिशा, झारखंडातून आलेला मजूर यांना एकाच 'रोजगार' शब्दात कोंबून काय कळणार? त्या मुलाला चिऱ्याच्या भिंतीवर काम नको असतं, आणि मजुराला त्या खुर्चीची आशाही नसते. बांधकाम वाढलं म्हणून या मुलाची बेकारी कमी होईल असं समजणंच चूक आहे. म्हणून मी 'बांधकामातला रोजगार' आणि 'स्थानिकांचा रोजगार' असे दोन शब्दप्रयोग ठेवतो.

पेडण्याहून

आभार. टिपणात 'परवाना मिळालेली', 'पाया खणलेली' आणि 'ऑक्युपन्सी मिळालेली' अशी तीन प्रकारची घरं लिहितो. 'आरंभ' खोडला. बंद घर आणि रिकामा फ्लॅट यांचा फरक मुलांनाच आपापल्या वाड्यावर मोजायला लावेन.