धर्मामुळे अपराधीपणाची भावना वाढते की हलकी होते?

प्रश्न – जिज्ञासू

आमच्या घरच्या रोजच्या प्रार्थनेत ‘मी पापी आहे, मला क्षमा कर’ अशा अर्थाचे शब्द असत. माझी मोठी बहीण आजही ती प्रार्थना म्हणते आणि त्यानंतर मन हलके होते असे सांगते. तिच्याकडे पाहिले की ते खरेही वाटते. माझी श्रद्धा सुटून बराच काळ लोटला, तरी त्या शब्दांनी मला सोडलेले नाही. एखादी क्षुल्लक चूक झाली तरी ‘आपण मुळातच नालायक आहोत’ हा निष्कर्ष मनात तयार असतो, आणि क्षमा करणारा कोणी आहे यावर विश्वास न उरल्यामुळे तो खोडून काढायलाही कोणी नाही. धर्म ही भावना निर्माण करतो, की ती माणसात आधीपासून असते आणि धर्म तिला फक्त शब्द पुरवतो? एकाच शिकवणुकीतून एकीला दिलासा आणि दुसऱ्याला आत्मघृणा का मिळावी? मला धर्माची निंदा किंवा तरफदारी ऐकायची नाही. हे घडते कसे, ते समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद – विवेचक

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या भावना एकत्र आल्या आहेत. ‘मी वाईट कृत्य केले’ आणि ‘मी वाईट आहे’ यांतला फरक हेलन ब्लॉक लुईस या मनोविश्लेषक विदुषीने 1971 मध्ये सविस्तर मांडला आणि पुढील संशोधनाने तो उचलून धरला. पहिल्या भावनेचा रोख कृत्यावर असतो, म्हणून ती माणसाला भरपाईकडे नेते; दुसरीचा रोख अख्ख्या माणसावर असतो, आणि तिथे भरपाई कशाची करणार? तेव्हा एखादा धर्म अपराधाविषयी किती बोलतो यापेक्षा तो अपराध कशाला चिकटवतो आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट कुठे संपते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

ज्यू परंपरेचे उदाहरण घ्या. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस ईश्वराविरुद्धच्या पापांचे परिमार्जन करतो; परंतु माणसाविरुद्ध केलेला अपराध, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय, त्या दिवसानेही धुतला जात नाही. बाराव्या शतकातील धर्मशास्त्री मायमोनिडीझ याने तर असे लिहून ठेवले आहे की, दुखावलेल्या माणसाकडे तीन-तीन जणांना सोबत घेऊन तीनदा जावे आणि तरीही त्याने क्षमा नाकारली तर त्याला सोडून द्यावे, कारण आता दोष नाकारणाऱ्याकडे जातो. पश्चात्ताप केलेल्या माणसाला त्याच्या जुन्या कृत्यांची आठवण करून देणे हेही त्या परंपरेत निषिद्ध आहे. इस्लाममधील तौबेतही, म्हणजे पश्चात्तापातही, पाप थांबवणे, मनापासून खंत वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि कोणाचा हक्क हिरावला असल्यास तो परत करणे, अशा ठरलेल्या अटी आहेत. शिवाय कुराणात (39:53) स्वतःवर अन्याय करणाऱ्यांनाही ईश्वराच्या दयेविषयी निराश न होण्यास सांगितले आहे. या दोन्ही रचनांत अपराधाला अंत आहे, आणि अंत असलेली खंत माणसाला पेलते.

याउलट ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने (354–430) मांडलेली मूळ पापाची कल्पना पाहा. त्याच्या मते प्रत्येक माणूस जन्मतःच त्या पापाचा वारसदार असतो, म्हणजे काही करण्याआधीच दोषी ठरतो. त्याच विचारात ईश्वरी कृपेचे आश्वासनही आहे, हे मान्य करायलाच हवे. पण ज्या मुलाच्या कानावर पहिला भाग रोज आणि दुसरा क्वचित पडतो, त्याच्या मनात काय उरेल, हे सांगायला नको.

एकाच परंपरेत दोन्ही स्वरही सापडतात. ‘पापोऽहं पापकर्माहम्’ म्हणणारा भक्त आणि ‘नात्मानमवसादयेत्’, म्हणजे स्वतःला खचवू नये, असे बजावणारी गीता (6.5) एकाच घरात नांदतात. यांपैकी काय ऐकवले जाते हे बहुधा घर आणि गुरू ठरवतात, ग्रंथ नव्हे.

प्रतिसाद – समुपदेशक

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. काही माणसांच्या बाबतीत उपायच आजाराचा भाग होतो. केलेले पाप कबूल केले तरी ते नीट कबूल केले का, काही राहून गेले का, खंत पुरेशी खरी होती का, या शंका थांबत नाहीत. मग पुन्हा कबुली, पुन्हा प्रार्थना. हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, धार्मिक आशय असलेला प्रकार आहे. पुढे ख्रिस्ती धर्मसुधारक झालेला मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापांची कबुली देत असे आणि तरीही त्याचे समाधान होत नसे. त्याचे मार्गदर्शक श्टाउपिट्स त्यापायी हैराण झाले होते. जेझुइट या ख्रिस्ती संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस, 1522 मध्ये स्पेनमधील मान्रेसा येथे अशाच शंकांनी इतका ग्रासला की आत्महत्येचे विचार त्याच्या मनात येऊ लागले. पुढे त्याने अशा शंकांना कसे तोंड द्यावे याचे नियमच लिहिले. म्हणजे हा त्रास धर्माच्या आतल्या लोकांनी फार पूर्वी ओळखला होता, आणि चांगल्या कबुलीश्रोत्याचे, म्हणजे पापांची कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूचे, उत्तर ‘आणखी कबुली दे’ असे नसून ‘जुनी पापे पुन्हा उकरू नकोस’ असे होते. आजच्या उपचारातही हेच तत्त्व वेगळ्या रूपात येते: शंका सहन करायची, पण तिच्या समाधानासाठी विधी करायचा नाही.

असा त्रास नास्तिकांनाही होतो. त्यांची शंका हात धुण्यापाशी किंवा कोणाला नकळत इजा केल्याच्या भीतीपाशी अडकते. त्यामुळे धर्म हे मूळ कारण असते असे मला वाटत नाही. तो आशय पुरवतो, आणि कधी कधी त्या आशयाला अनंतकाळाच्या शिक्षेची धार लावतो. धर्माच्या मानसशास्त्रात केनेथ पार्गमेंट यांनी संकटात ईश्वराला सोबती मानणारी आणि संकटालाच ईश्वराची शिक्षा मानणारी अशा दोन वृत्ती वेगळ्या दाखवल्या. दुसऱ्या वृत्तीचा संबंध अधिक नैराश्याशी आढळतो. मात्र शिक्षेच्या कल्पनेमुळे माणूस खचतो की खचलेल्या माणसाला ईश्वर शिक्षा करणारा दिसू लागतो, हे दरवेळी सांगता येत नाही. आपल्या बहिणीचा आणि आपला फरक कदाचित इथेच असेल.

प्रतिसाद – श्रद्धाळू

मी श्रद्धावंत आहे. माझ्या हातून ज्या व्यक्तीचे नुकसान झाले ती आज हयात नाही. तिची क्षमा मला मिळू शकत नाही, आणि ‘स्वतःला क्षमा कर’ हा सल्ला मला पटत नाही, कारण ती क्षमा देण्याचा अधिकार माझा नाही. जिथे माणसाकडून मिळणारी क्षमा संपली आहे तिथे ईश्वरापुढे उभे राहण्यावाचून मला मार्ग दिसत नाही, आणि तिथे मी माझे कृत्य जराही सौम्य न करता उच्चारू शकतो. धर्माने हे दिले नसते तर मी एक तर सबबी शोधल्या असत्या किंवा पुरता मोडलो असतो.

प्रतिसाद – पांथस्थ

वरील चर्चेत एक मोठी गोष्ट सुटली आहे. आत्मघृणा दरवेळी चुकीतून येत नाही. ती वरून लादलीही जाते. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या नावावरील एका अभंगात, पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून या जन्मी महार जात मिळाली, असा अर्थ येतो. ज्याला व्यवस्थेने दूर ठेवले त्यानेच त्या अन्यायाचे कारण स्वतःच्या पापात शोधावे, यासारखे क्लेशकारक वाचन माझ्या पाहण्यात नाही. त्याच चोखोबांनी ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ (ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो) असेही ठामपणे म्हटले, तेव्हा त्यांची भक्ती म्हणजे केवळ शरणागती होती असे मी म्हणणार नाही. पण जन्म, जात, स्त्रीचे शरीर, कोणावर प्रेम जडते ते, यांना जिथे दोष ठरवले जाते तिथे प्रायश्चित्ताची भाषा वापरणे हाच दुसरा अन्याय आहे. तिथे दिलासा क्षमेने मिळत नाही, आरोप मागे घेतल्याने मिळतो. 1956 मध्ये डॉ. आंबेडकरांनी धर्म सोडण्यावर न थांबता दुसरा धर्म स्वीकारला, यावरून लादलेल्या हीनतेतून बाहेर पडण्यासाठीही त्यांना धर्माची गरज वाटली हे दिसते.

प्रतिसाद – जिज्ञासू

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न: श्रद्धा गेल्यावर आरोप उरला आणि क्षमा गेली, ही माझी स्थिती आहे. अशा वेळी पुन्हा श्रद्धेकडे वळणे हा एकच मार्ग आहे का?

प्रतिसाद – समुपदेशक

नाही. श्रद्धा केवळ औषध म्हणून परत आणता येत नाही आणि तसा प्रयत्न बहुधा नव्या अपराधीपणाला जन्म देतो. ‘मी नालायक आहे’ हा विचार आला की आधी विचारा: नेमके काय केले, कोणाचे नुकसान झाले, ते भरून देता येईल का? उत्तर असेल तर भरपाई करा आणि तिथे थांबा. उत्तरच नसेल, तर आपण ज्याला अपराध समजत आहात ते लहानपणी पाठ झालेले वाक्य आहे, आणि त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा ते आले तसे जाऊ देणे शिकता येते. हे एकट्याने जमत नसेल, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. बहिणीशीही बोला, ती प्रार्थनेतला कोणता भाग ऐकते, हे तिला विचारण्यासारखे आहे.